मॅडम कल विचारतात

जून लागला की जबलपूरच्या राइट टाउनमधल्या आमच्या घरासमोर स्कूटरी उभ्या राहायला लागतात. पहिल्या वर्षी समोरच्या भाभीजी काळजीने विचारायला आल्या होत्या, घरात सगळं ठीक आहे ना. एवढी माणसं, तीही अशी पडलेल्या चेहऱ्यांची, सकाळी सकाळी कुणाच्या दारात जमतात ते त्यांना एकाच प्रसंगात ठाऊक होतं. मी म्हटलं, भाभीजी, कुणी गेलेलं नाही, मुलांच्या ॲडमिशन आहेत. त्या म्हणाल्या, अच्छा, मग बरोबर आहे.

मी इथल्या एका शाळेत अकरावी-बारावीला गणित शिकवत होते. निवृत्त झाल्यावर सकाळी फिरायला जाणं, दुपारी झोपणं आणि सुनेला सल्ला न देणं अशी तीन कामं ठरवून घेतली होती. तिसरं फारच जड गेलं. साठलेला सल्ला कुठेतरी खर्च व्हायला हवा होता. तेवढ्यात एक जुना विद्यार्थी आपल्या मुलीला घेऊन आला आणि म्हणाला, मॅडम, हिचं चॉइस फिलिंग करून द्या ना. तेव्हापासून आमची पुढची खोली म्हणजे ॲडमिशनचा दवाखाना झाली आहे. माझे यजमान रेल्वेतून निवृत्त झालेत. त्यांच्याकडे चहा आणि प्रिंटर ही दोन खाती आहेत, आणि दोन्हींत ते मन मानेल तसं काम करतात. या धंद्यात पैसा नाही, फक्त पेढे आहेत, आणि आम्हा दोघांनाही शुगर आहे. तरी आम्ही दुकान बंद केलेलं नाही, यावरून काय ते समजा.

बाहेरच्या माणसाला वाटतं, प्रवेश म्हणजे मार्क. मार्क दाखवले की कॉलेज मिळालं. तसं नसतं. परीक्षेतला रँक घेऊन पोरगं कंप्युटरपुढे बसतं आणि आपल्याला कोणतं कॉलेज हवं, त्यात कोणती ब्रांच हवी, ते एकाखाली एक भरत जातं. मग सरकारचा कंप्युटर ते वरून खाली वाचत येतो आणि जिथे पहिल्यांदा जागा मिळते तिथे थांबतो. त्याच्या खालचं तो वाचतच नाही. एवढीच गोष्ट आहे, आणि भल्याभल्यांना हीच समजत नाही. लोक अंदाज बांधतात की आपल्याला अमुक मिळेल, आणि तेच सगळ्यांत वर टाकून मोकळे होतात. मी घसा फोडून सांगते, अहो, जे हवं ते वर, जे चालेल ते खाली. पंगतीत जिलबी यायच्या आत भाताने पोट भरून घेता का?

सगळं भरून झालं की लॉक करायचं. एकदा लॉक केलं की ब्रह्मदेव आला तरी उघडत नाही. म्हणून माझा एक नियम आहे. ज्या दिवशी भरलं त्या दिवशी लॉक करायचं नाही. घरी जा, जेवा, भांडा, झोपा, आणि उद्या या. या नियमावर लोक चिडतात, कारण ऊन असतं आणि घरून इथवर पुन्हा यायचं असतं. पण त्या एका रात्रीत घरोघरी जे बोलणं होतं ते आधीच्या दोन वर्षांत झालेलं नसतं, असा माझा अनुभव आहे.

पूर्वी आईबाप विचारायचे, इंजिनिअरिंग की मेडिकल? आता विचारतात, मॅडम, इंजिनिअरिंग घ्यावं की कंप्युटर सायन्स? मी सांगते की कंप्युटर सायन्स हीसुद्धा इंजिनिअरिंगचीच एक ब्रांच आहे. माना डोलावतात, आणि पुढच्या मिनिटाला पुन्हा विचारतात, हो, पण इंजिनिअरिंग घ्यावं की कंप्युटर? मी आता नाद सोडला आहे. आमच्या जबलपूरच्या मराठी माणसाचा जन्म डिफेन्सच्या फॅक्टरीत नाहीतर रेल्वेत गेलेला असतो. जे हातोडीने ठोकता येतं ते इंजिनिअरिंग, बाकी सगळं कंप्युटर, हा त्याचा सरळ हिशेब आहे, आणि खरं सांगायचं तर तो फारसा चुकीचा नाही.

मी त्यांना ऑटोचं उदाहरण देते. तुम्हाला कमानिया गेटला जायचं आहे, तुम्ही मोबाइलवर ऑटो बोलावली. कोणती ऑटो जवळ आहे, तिने कोणत्या गल्लीतून यावं, भाडं किती लागेल, हे सगळं झटक्यात ठरलं ते कंप्युटर सायन्स. आणि त्या गल्लीतल्या खड्ड्यांमधून तुमची हाडं शाबूत राहून तुम्ही उतरलात ते इंजिनिअरिंग. कुणी म्हणतं, मॅडम, हाडं कुठे शाबूत राहतात? मी म्हणते, म्हणून तर चांगले इंजिनिअर हवेत.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. कमानिया गेटजवळ भांड्यांचं दुकान असलेले एक भैयाजी आले होते. मुलगा बाजूला बसवला आणि मला म्हणाले, "मैडम, ये बताइए, कौन सी ब्रांच का माल जल्दी निकलता है?" मी म्हटलं, सध्या कंप्युटरचं. त्यांनी लगेच शंका काढली की मग सगळेच तो माल भरून ठेवतील आणि चार वर्षांनी भाव पडेल. इतका नेमका प्रश्न मला आजवर एकाही शिकलेल्या बापाने विचारलेला नाही. दुसरा एक मुलगा होता, चांगला गुबगुबीत. त्याला विचारलं, कंप्युटरच काहून? तर म्हणाला, मैडम, पसीना बहुत आता है. बाप शरमेने लाल झाला. मी मात्र डोळे मिटून त्याचं कंप्युटर सायन्स वर टाकलं. तो पोरगा पुढे झकास शिकला. आपल्याला काय नको हे ज्याला पक्कं कळलंय त्याची मला कधी काळजी वाटत नाही.

आणि प्रत्येक घराचा एक फोनवरचा माणूस असतो. पुण्याचे मामा, नागपूरचे काका, बंगलोरचा आत्येभाऊ. तो जबलपूरला कधी येत नाही, पोराला शेवटचं कधी पाहिलं ते त्याला आठवत नाही, पण ऐन वेळी त्याचा फोन येतो. घरचे तो स्पीकरवर टाकतात आणि देवापुढे बसावं तसे सगळे गप्प बसतात. अलीकडे या फोनवाल्यांना एआयचा नवा विषय मिळाला आहे. एक म्हणतो, कोड आता मशीनच लिहिणार, कंप्युटर घेऊ नका. दुसरा म्हणतो, एआय येतंय म्हणून तर कंप्युटरच घ्या. मला विचारतात तेव्हा मी सांगते की चार वर्षांनी काय असेल ते मला माहीत नाही, आणि जो छातीठोक सांगतो त्याला माझ्यापेक्षाही कमी माहीत आहे. हे उत्तर कुणालाच आवडत नाही. लोक एवढ्या उन्हातून काही "मला माहीत नाही" ऐकायला येत नाहीत.

म्हणून मी भविष्याच्या भानगडीत पडत नाही. माझा एक ठेवणीतला प्रश्न आहे. पोरगं समोर बसलं, पाणी प्यालं, की मी विचारते, तुझा कल कशाकडे आहे? हा आमच्या आईचा शब्द. ती वर्ध्याकडची. ती आम्हा भावंडांबद्दल म्हणायची, हिचा कल हिशेबाकडे आहे, त्याचा कल खाण्याकडे आहे. छोटासा शब्द आहे, पण त्यात सगळं येतं. आवड म्हटलं की पोरं क्रिकेट सांगतात. ध्येय म्हटलं की भाषण ठोकतात. कल म्हणजे, तुम्ही धक्का न देता माणूस आपसूक ज्या बाजूला झुकतो ती बाजू. माझा हा प्रश्न आमच्या मराठी मंडळींत इतका पसरला आहे की आईबाप घरूनच पोरांना बजावून आणतात, मॅडम कल विचारतात, तयारी करून ठेव.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडची नवी मुलं मराठी समजतात, पण बोलत नाहीत. आई विचारते, जेवून राहिला का? पोरगं म्हणतं, हाँ, बस दो मिनट. शाळा हिंदी, गल्ली हिंदी, मोबाइलही हिंदी. घरातलं मराठी त्यांच्या कानात जातं आणि आतल्या आत कुठेतरी हिंदी होऊन बसतं. याचं मला वाईट वाटतं. माझे स्वतःचे नातू मला "दादी" म्हणतात, तेव्हा जास्तच वाटतं. पण वाईट वाटण्यापलीकडे त्याने काही बिघडत असेल असं मला धोटे येईपर्यंत वाटलं नव्हतं.

धोटे महाराजपूरला राहतात. डिफेन्सच्या फॅक्टरीत मशिनिस्ट. जन्मभर लेथच्या, म्हणजे लोखंड कापणाऱ्या मशीनच्या, आवाजात उभं राहून एका कानाने त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही, त्यामुळे ते कुठेही गेले तरी आधी खुर्ची फिरवून चांगला कान समोरच्याकडे करतात आणि मग नमस्कार करतात. त्यांची एकुलती एक मुलगी रिद्धी. रँक उत्तम होता. इतका, की इथल्या सरकारी कॉलेजात तिला कंप्युटर सायन्स सहज मिळालं असतं. अशा रँकची मुलगी आली की माझ्यासारखीला तिथे करण्यासारखं काही उरत नाही. तरी रिवाज म्हणून मी विचारलं, बेटा, तुझा कल कशाकडे आहे?

ती ताठ बसली आणि म्हणाली, "कंप्यूटर साइंस, मैडम. कल तो उसी का है।"

मला बोलण्याची तऱ्हा जरा वेगळी वाटली, पण हिंदीत वाढलेली मुलं मराठी शब्दांचं काहीही करतात. मी म्हटलं, तुझा स्वतःचा कल आहे ना, की सगळे म्हणतात म्हणून? त्यावर ती म्हणाली, नहीं मैडम, कल कंप्यूटर का है, ये तो सबको पता है. धोटे चांगला कान पुढे करून ऐकत होते, ते खुशीत हसले. तिचा कल सगळ्या जबलपूरला कसा माहीत, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी कंप्युटर सायन्स सर्वांत वर टाकलं, त्याखाली इलेक्ट्रॉनिक्स, मग मेकॅनिकल, असं खाली खाली भरत गेले. तेवढ्या वेळात ती माझ्या लॅपटॉपकडे कमी आणि खिडकीपाशी स्टँडवर ठेवलेल्या कूलरकडे जास्त पाहत होती. मला वाटलं, उकडत असेल. उद्या या, लॉक करू, असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी बापलेक वेळेवर हजर. त्या दिवशी आमच्या कूलरने सकाळपासून पिच्छा पुरवला होता. पंप गुळण्या केल्यासारखा आवाज करायचा आणि वारा यायचा तो कोरडा, गरम. आमच्या ह्यांचं निदान होतं की पाणी कमी पडतंय, म्हणून ते त्यात बादलीवर बादली ओतत होते आणि ते पाणी खालून फरशीवर येत होतं. मी लॅपटॉप उघडेपर्यंत रिद्धी उठून कूलरपाशी जाऊन बसली होती. तिने वाकून स्टँडखाली पाहिलं, कान लावला, आणि ह्यांना म्हणाली, अंकल, गत्ता है क्या? हे एक जुना पुठ्ठा घेऊन आले. तिने तो दुमडून स्टँडच्या एका पायाखाली सरकवला.

मी खुर्चीतूनच म्हटलं, "अगं, तो कूलर कललाय गं. माझं सकाळपासून हेच म्हणणं आहे, पण ऐकतो कोण."

ती गुडघ्यांवर बसली होती ती तशीच थांबली. विचारलं, "कललाय मतलब?"

मी हात तिरका करून दाखवलं. असा. एका बाजूला. त्यामुळे पाणी एका कोपऱ्यात जमतंय आणि पंप दुसऱ्या कोपऱ्यात कोरडा पडतोय.

"तो कल मतलब... झुकाव?"

मग दुसरं काय, मी म्हटलं.

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "मैडम, मैं तो समझी आप कल पूछ रही हैं। आने वाला कल।"

आमचे हे इतके हसले की हातातला चहा बशीत आला. मग हळूहळू सगळा उलगडा झाला. स्कूटरवर येताना धोट्यांनी तिला बजावलं होतं, मॅडम कल विचारतील, नीट सांगजो. हिला वाटलं, मॅडम उद्याबद्दल विचारतात. पुढे जमाना कुणाचा येणार, नोकऱ्या कशात निघणार, दुनिया कुठे चाललीय. तिने त्याची तयारीही केली होती, अगदी मुद्दे काढून. म्हणून कल कंप्युटरचा, आणि म्हणूनच तो सगळ्यांना माहीत. धोट्यांच्या कानावर यातलं अर्धंच पडलं होतं. मी मोठ्याने समजावलं तेव्हा ते म्हणाले की फॅक्टरीत तर कल म्हणजे मशीन, कल-पुर्जे म्हणतात ना. आमचे हे म्हणाले, रेल्वेतही तसंच. एवढ्याशा खोलीत चार माणसं, एक शब्द, आणि त्याचे अर्थ तीन. मी किती वर्षं हा प्रश्न विचारतेय आणि किती पोरांनी मला उद्याचा अंदाज सांगितला असेल, देव जाणे.

हसणं ओसरल्यावर मी तिला पुन्हा विचारलं, या वेळी हिंदीत. बेटा, आने वाला कल राहू दे. झुकाव किधर है?

कूलरच्या पायाशी बसलेली ती उठेचना. पुठ्ठ्याचा कोपरा नखाने कुरतडत राहिली आणि मग खाली पाहूनच म्हणाली, "मैकेनिकल।"

"काय म्हणाली?" धोट्यांनी खुर्ची फिरवली.

"मैकेनिकल, पापा।"

धोट्यांचं हसू गेलं. ते ओरडले नाहीत, उठले नाहीत. फक्त म्हणाले, "काहून?"

आमच्याकडे या "काहून"चे प्रकार आहेत. भाजीवाल्याला विचारायचा वेगळा, उशिरा घरी आलेल्या पोराला विचारायचा वेगळा. हा त्यातला कोणताच नव्हता. या माणसाला खरंच उत्तर हवं होतं, आणि ते तो ऐकून घेणार होता. पोरीलाही ते कळलं असावं. कारण मी ओळखत असलेल्या दोन दिवसांत जिने मराठीचा एक शब्द उच्चारला नव्हता, ती अडखळत, शब्द शोधत मराठीत बोलायला लागली.

"पापा, तुम्ही मला विश्वकर्माला घेऊन जात होते ना. सब लोग लाडू खाऊन राहायचे. मी मशीन पाहून राहायची. मला अजून तसंच होते. कंप्यूटर मला येते. पण माझा कल नाही तिकडं." तिने हात तिरका करून दाखवला, मी दाखवला होता तसा. "मी इकडं झुकून राहिली."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी आमच्याकडच्या फॅक्टऱ्यांमध्ये मशिनी बंद असतात, त्यांना हार घालतात, आणि कामगारांच्या बायकापोरांना आत जाऊन बघता येतं. बाकी वर्षभर बाप त्या भिंतीआड काय करतो ते पोरांना ठाऊक नसतं. त्या एका दिवशी बाप पोराला खांद्यावर घेऊन दाखवतो, हे पाय, हे माह्यं मशीन. आमच्याकडे ‘पाहा’चं ‘पाय’ होतं.

धोटे आपल्या त्या न ऐकणाऱ्या कानावर हात ठेवून म्हणाले, "मी तुले मशीन दाखवाले नेत होतो बेटा. मशीनपाशी उभं कराले नाही."

कूलरचा आवाज तेवढा आता सुधारला होता. मला दोघांचंही पटत होतं, आणि असं होतं तेव्हा माझा धंदा अवघड होतो. कुणाची बाजू घेणं सोपं असतं. धोट्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, मॅडम, तुमचं काय म्हणणं हाय?

मी गोड बोलले नाही. म्हटलं, धोटे, मेकॅनिकल वर टाकलं की कंप्युटर गेलं. दोन्ही हातांत ठेवता येत नाही, कारण वरचं मिळालं की तो खालचं वाचतच नाही. हिच्या रँकला लोक तरसतात. मेकॅनिकलला सुरुवातीच्या नोकऱ्या कमी आहेत, पगार कमी आहे, वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील, आणि धूळ, तेल, घाम हे सगळं आहेच. हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला एवढंच, की ही पोरगी काल तासभर माझ्या घरात बसली होती आणि सगळा वेळ माझा कूलर पाहत होती. उद्या कुणाचा आहे ते मला सांगता येत नाही. कल मात्र आज दिसतोय.

तेवढ्यात धोट्यांचा फोन वाजला. पुण्याचे मामा. धोट्यांनी रिवाजाप्रमाणे स्पीकर लावला आणि भोळेपणाने सांगून टाकलं की पोरगी मेकॅनिकल म्हणून राहिली. मग काय विचारता. मुलीच्या जातीला मेकॅनिकल, प्लेसमेंट, पॅकेज, आमच्या सोसायटीतला अमका, एआय, सगळं एका दमात सुरू झालं. रिद्धीची मान खाली गेली. धोटे ऐकत होते. मग त्यांनी स्पीकर बंद केला, फोन शांतपणे उचलून दुसऱ्या कानाला लावला, आणि हो, हो, बरोबर हाय, असं म्हणत बसले. ते काय करताहेत हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. त्या कानाने त्यांना काही ऐकू येत नाही. मामांचं बोलणं संपलं असावं अशा अंदाजाने त्यांनी फोन खिशात ठेवला.

मग ते उठले आणि कूलरपाशी गेले. त्यांनी आपला पाण्याचा ग्लास कूलरच्या डोक्यावर ठेवला, एक डोळा मिटला आणि पाण्याच्या कडेकडे पाहिलं. जन्मभराची सवय, दुसरं काय. म्हणाले, "अर्धं सूत कमी हाय अजून. या बाजूनं." सूत म्हणजे कारागिराचं माप, इंचाचा आठवा भाग. रिद्धीने पुठ्ठ्याचा आणखी एक तुकडा फाडला, दुमडला आणि सरकवला. त्यांनी पुन्हा पाहिलं. तिने बोटाने थोडा आत ढकलला. दोघांचं काम अगदी एका हाताने चालल्यासारखं चाललं होतं. आमचे हे रिकामी बादली घेऊन बाजूला उभे होते आणि पहिल्यांदाच त्यांच्याजवळ काही सल्ला नव्हता.

"आता बसला," धोटे म्हणाले. ग्लासातलं पाणी पिऊन टाकलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मेकॅनिकल वर घ्या, मॅडम. अन् लॉक करून टाका."

मी म्हटलं, आजच बदललं आहे, माझा नियम आहे, आज घरी जा, उद्या या. त्यावर ते म्हणाले की मॅडम, उद्याचं बोलणं कालपासून लय झालं. मी माझा नियम त्या दिवशी पहिल्यांदा मोडला.

तिला मेकॅनिकल मिळालं, इथलंच, सरकारी कॉलेजात. बरोबर झालं का, ते मला अजूनही माहीत नाही. तिच्या बरोबरीच्या ज्या मैत्रिणींनी कंप्युटर घेतलं त्यांच्या गप्पांत पगाराचे आकडे आतापासूनच यायला लागलेत, असं तिची आई मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात थोडं माझं नावही होतं. मला ते बोचलं, खोटं कशाला बोलू. धोटे मात्र एकदा मुद्दाम स्कूटर थांबवून सांगून गेले की मेकॅनिकलमधीबी कोडिंग शिकवून राहिले मॅडम, म्हणजे मेहनत वाया नाही गेली. कुणाची मेहनत ते त्यांनी सांगितलं नाही.

मी अजूनही पोरांना कल विचारते. शब्द काही सोडलेला नाही, का सोडू? आता फक्त विचारताना हात तिरका करून दाखवते. कूलरच्या पायाखालचा पुठ्ठाही तसाच आहे. ह्यांना तो काढून नवीन स्टँड आणायचा आहे, मी आणू देत नाही.

यंदा विश्वकर्मा पूजेनंतर धोटे प्रसाद घेऊन आले. आमच्या शुगरची आठवण ठेवून लाडू एकच आणला होता, दोघांत. खुर्ची फिरवून बसले आणि म्हणाले, या खेपी फॅक्टरीत गेलो नाही, रिद्धी आपल्या कॉलेजात घेऊन गेली. तिथल्या वर्कशॉपमध्येही पूजा असते. पोरापोरींनी मशिनींना हार घातले होते. गर्दीतून वाट काढत तिने बापाचा हात धरून त्यांना एका लेथपाशी नेलं, हार जरा बाजूला सारला आणि म्हणाली, पापा, हे पाय, हे माह्यं मशीन.

"मी म्हटलं, काय म्हणाली?" धोटे सांगत होते. "मंग तिनं अजून एकदा सांगितलं."

मी म्हटलं, एवढ्या गर्दीत तुम्हाला ऐकू आलं नसेल.

"आलं होतं, मॅडम," ते म्हणाले. "मले दोन खेप ऐकायचं होतं."